डॉक्टर आणि परिचारिका निवडताना आपण काय मोजतो?

दरवर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी दोनच्या सुमारास देशभरातली वीस-बावीस लाख मुले-मुली एकाच वेळी एक प्रश्नपत्रिका उघडतात. १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. २०२५ च्या 'नीट'ला सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. एमबीबीएसच्या देशभरातल्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या परवडणाऱ्या फीच्या जागा त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे या तीन तासांत काय घडते, यावर पुढच्या चाळीस वर्षांत आपल्याला कोण तपासणार आहे, हे ठरते.

निकालानंतर घराघरांत चर्चा होते ती कट-ऑफची, कॉलेजची आणि कोट्याची. रुग्णाच्या बाजूने मात्र एक प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. हा जो गुणांचा आकडा आहे, तो होऊ घातलेल्या डॉक्टरविषयी आपल्याला नेमके काय सांगतो? आणि जे सांगत नाही, ते कळून घेण्याचा काही विश्वासार्ह मार्ग आहे का?

आधी परीक्षेच्या बाजूने. गुणांना अर्थ नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. शरीररचना, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र यांचा डोंगर पचवायला अभ्यासाची ताकद लागतेच. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या विषयावरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. वैद्यकीय महाविद्यालयातल्या कामगिरीत विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला सुमारे २३ टक्के भाग आधीच्या शैक्षणिक यशावरून सांगता येतो, असे त्यांना आढळले. पदवीनंतरच्या प्रत्यक्ष कामातल्या कौशल्याबाबत मात्र हे प्रमाण सहा टक्क्यांवर आले. म्हणजे परीक्षेतले गुण पुढच्या परीक्षेतल्या गुणांचा बऱ्यापैकी अंदाज देतात. खाटेशेजारी उभा राहिलेला माणूस कसा असेल, याचा अंदाज ते जेमतेम देतात.

दुसरी अडचण गणिताची आहे. २२ लाख विद्यार्थी ७२० गुणांवर पसरले, तर सरासरी एका गुणावर तीन हजार विद्यार्थी येतात. एक प्रश्न चुकला की मिळणारे चार गुण जातात आणि वर एक कापला जातो. म्हणजे पाच गुणांचा फरक. गर्दीच्या पट्ट्यात त्या एका प्रश्नावर हजारो क्रमांक मागेपुढे होतात. शेवटच्या मिनिटाला रंगवलेल्या एका गोळ्यामुळे एक मुलगी सरकारी कॉलेजात जाते आणि दुसरी पुन्हा वर्षभर लातूरच्या किंवा कोट्याच्या क्लासमध्ये. या दोघींच्या क्षमतेत खरोखर फरक आहे, असे परीक्षेचे शास्त्र जाणणारा कोणीही छातीठोकपणे सांगणार नाही. तरीही या यादीला आपण 'गुणवत्ता यादी' म्हणतो.

मुलाखतीची भीती खोटी नाही

मग मुलाखत घ्यावी का? हा शब्द काढला की महाराष्ट्रातला कोणताही पालक सावध होतो, आणि ते बरोबरच आहे. कॅपिटेशन फीचा काळ आपण पाहिला आहे. तोंडी परीक्षेत उत्तराआधी आडनाव बोलते, हा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे. मध्य प्रदेशात 'व्यापमं'ने लेखी परीक्षेलाही कीड लागू शकते हे दाखवले. मग बंद खोलीतल्या मुलाखतीचे काय होईल? हा रोग केवळ आपलाच आहे असेही नाही. टोकियो मेडिकल युनिव्हर्सिटीने मुलींचे गुण वर्षानुवर्षे गुपचूप कमी केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले तेव्हा सारा जपान हादरला होता. ओएमआर पत्रिकेला आडनाव कळत नाही, बापाचा हुद्दा कळत नाही, इंग्रजीचा उच्चार ऐकू येत नाही. गरीब घरातल्या मुलाला या यंत्राचा आधार वाटतो, त्याचे कारण हेच आहे.

भ्रष्टाचार बाजूला ठेवला तरी साधी मुलाखत फारशी कामाची नसते, याचा एक छान पुरावा अमेरिकेत सापडतो. ह्यूस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९७९ मध्ये नेहमीप्रमाणे मुलाखती घेऊन दीडशे विद्यार्थी निवडले. त्यानंतर राज्याच्या विधिमंडळाने आदेश दिला की आणखी पन्नास विद्यार्थी घ्या. तोपर्यंत चांगले अर्जदार इतरत्र गेले होते. आधी नाकारलेल्यांमधूनच पन्नास जणांना बोलवावे लागले. पुढे कोण 'निवडलेला' आणि कोण 'नाकारलेला' याची तुलना झाली. अभ्यास, प्रत्यक्ष रुग्णालयातले काम, शिक्षण अर्धवट सोडण्याचे प्रमाण, कशातही दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. सुरुवातीला या दोन गटांना वेगळे करणारी गोष्ट मुख्यतः मुलाखतकारांचे मत हीच होती. अनुभवी प्राध्यापकांचे 'मला माणूस बघता क्षणी कळतो' हे मत पन्नास विद्यार्थ्यांनी आपल्या कामाने खोटे ठरवले.

आठ मिनिटांच्या दहा खोल्या

मुलाखत वाईट म्हणून माणूस तपासायचाच नाही, असे मात्र होत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने यावर वेगळा तोडगा काढला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका लांबलचक मुलाखतीऐवजी दहाएक छोट्या मुलाखती. दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो. उमेदवार दोन मिनिटांत तो वाचतो, आत जातो, आठ मिनिटे बोलतो किंवा काही करून दाखवतो. घंटा वाजली की पुढची खोली. प्रत्येक खोलीत वेगळा परीक्षक, आणि त्याच्या हातात सर्वांसाठी एकच ठरलेली गुणपत्रिका.

समजा, एका खोलीत लिहिले आहे : 'तुमच्या हातून मित्राची महत्त्वाची वस्तू हरवली आहे. तो आत बसला आहे. त्याला सांगा.' दुसऱ्या खोलीत एक आजी बसल्या आहेत आणि त्यांना औषधाच्या वेळा समजावून द्यायच्या आहेत. तिसऱ्या खोलीत दोघांनी मिळून एक काम पुरे करायचे आहे. यात पाठ केलेले उत्तर चालत नाही. उमेदवार समोरच्याचे ऐकतो का, चूक कबूल करतो का, त्याचा तोल जातो का, हे दिसते. एखाद्या परीक्षकाला तुमचा चेहरा आवडला नाही, तरी तो दहांपैकी एकच असतो. एकाच्या पूर्वग्रहाचे पाणी इतर नऊ जणांच्या मतांत पातळ होते.

याचा उपयोग झाला का, हेही तपासले गेले. या पद्धतीने मॅकमास्टरमध्ये प्रवेश मिळालेले आणि तिथे नाकारले गेल्याने कॅनडातल्या दुसऱ्या महाविद्यालयात शिकलेले, अशा डॉक्टरांची तुलना २०१२ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आली. राष्ट्रीय परवाना परीक्षेत पहिल्या गटाचे गुण अधिक होते. २०१६ मध्ये निवडपद्धतींवरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला गेला. त्याचा निष्कर्ष असा, की शैक्षणिक कामगिरी, अशा बहुखोली मुलाखती आणि प्रसंगनिर्णय चाचण्या या गोष्टी परिणामकारक व न्याय्य ठरतात. पारंपरिक मुलाखत, शिफारसपत्र आणि 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' छापाचे निबंध त्यांच्यासमोर कमी पडतात.

परिचारिकेचे वीस गुण

आपल्याकडे ही सगळी चर्चा डॉक्टरांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला विचारा. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा राउंडला येतात. सलाईन संपले का पाहणारी, रात्री तीनला श्वास लागला तर पहिली धावणारी, 'घाबरू नका बाबा' म्हणणारी सिस्टर असते. तिची निवड आपण कशी करतो?

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या बीएस्सी नर्सिंगच्या नियमांत शंभर गुणांच्या प्रवेश परीक्षेचा आराखडा दिला आहे. भौतिकशास्त्र २०, रसायनशास्त्र २०, जीवशास्त्र २०, इंग्रजी २० आणि परिचर्येची अभिरुची २०. महाराष्ट्राची सीईटीही याच धर्तीवर आहे. परिषदेने अभिरुचीला स्वतंत्र जागा दिली, हे स्वागतार्ह आहे. एमबीबीएसच्या परीक्षेत तेवढीही नाही. पण हे वीस गुण बहुपर्यायी प्रश्नांतून मोजले जातात, आणि ते कसे मोजायचे यावर आपण फारसे डोके चालवलेले नाही. 'परिचारिकेचा सर्वात महत्त्वाचा गुण कोणता?' अशा प्रश्नाला 'सहानुभूती' हा पर्याय निवडायला सहानुभूती लागत नाही. गाइड पुरते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरते. इंग्रजीला वीस गुण आहेत, रुग्णाच्या भाषेला शून्य. मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात कोरकू बोलणारी किंवा भामरागडमध्ये माडिया समजणारी मुलगी जे काम करू शकेल, ते कितीही गुण मिळवलेल्या दुसऱ्या मुलीला दुभाष्याशिवाय जमणार नाही. तरी प्रवेशाच्या हिशेबात तिच्या या ज्ञानाची किंमत काहीच नाही.

याची किंमत काय असते, हे ब्रिटनला फार महागात पडून कळले. स्टॅफर्डच्या सरकारी रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची अक्षम्य हेळसांड झाली. पाण्यासाठी तळमळणारे वृद्ध, तासन्‌तास न बदललेल्या चादरी, हाका मारूनही कोणी न येणे. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. अपुरे मनुष्यबळ आणि आकड्यांच्या मागे लागलेले व्यवस्थापन यांना त्यात दोष दिला होताच. पण परिचारिकांच्या निवडीबद्दलही त्यात शिफारशी होत्या. विद्यार्थ्यांनी नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखाली किमान तीन महिने प्रत्यक्ष रुग्णसेवा केलेली असावी आणि सेवावृत्तीची चाचणी घेण्याचा विचार व्हावा, असे अहवालाने सुचवले. त्यानंतर तिथे मूल्याधारित निवडीचा आराखडा आला. अनेक ब्रिटिश विद्यापीठांत नर्सिंगच्या उमेदवारांची मुलाखत घेताना रुग्ण किंवा त्यांची काळजी घेणारे नातेवाईकही समोर बसतात. ज्यांना सेवा घ्यायची, त्यांचेही मत विचारात घेतले जाते.

गावात कोण जाणार?

निवडीचा संबंध केवळ स्वभावाशी नाही. डॉक्टर पुढे कुठे काम करणार याच्याशीही आहे. आपल्याकडे सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाच्या सेवेचा बॉण्ड असतो, आणि तो मोडला तर दहा लाख रुपये दंड. दरवर्षी त्यावरून वाद होतो. जपानने उलट्या टोकाकडून सुरुवात केली. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडले जातात, प्रांत त्यांची फी भरतो आणि ते साधारण नऊ वर्षे आपल्याच प्रांतात, विशेषतः दुर्गम भागांत काम करतात. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल येथील जेम्स कुक विद्यापीठाने २००० मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केले, ते ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देऊनच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० च्या आणि पुन्हा २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा सल्ला दिला. कारण साधे आहे. जो गावातून आला आहे, तो गावी परतण्याची शक्यता अधिक.

महाराष्ट्रात विभागवार ७०:३० चा कोटा होता, तो २०२० मध्ये रद्द झाला. मराठवाडा आणि विदर्भातल्या मुलांवर त्यामुळे अन्याय होतो, अशी तक्रार होती आणि तिच्यात तथ्यही होते. पण तो कोटा जाताना 'कोणत्या भागाला डॉक्टर कमी पडतात' हा मूळ प्रश्नही चर्चेतून गेला. त्याच वर्षी तामिळनाडूने 'नीट' उत्तीर्ण झालेल्या सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. 'नीट'ची चौकट न मोडता राज्याला काय करता येते, याचे हे उदाहरण आहे.

हे आपल्याकडे चालेल का?

'आपल्या देशात हे अशक्य आहे' हा नेहमीचा आक्षेप. पण पुण्यातच पाहा. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 'नीट'च्या गुणांवर छाननी होते, आणि त्यानंतर इंग्रजी व तर्कशक्तीची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी आणि मुलाखत होते. लष्करी रुग्णालयांतल्या नर्सिंग महाविद्यालयांतही 'नीट'नंतर अशीच पुढची पायरी आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अनेक दिवसांच्या गटकार्यातून आणि मुलाखतींतून विद्यार्थी निवडत असे. 'नीट'मुळे ती पद्धत धोक्यात आली तेव्हा निषेध म्हणून २०१७ मध्ये त्यांनी एमबीबीएसच्या शंभरपैकी एकच जागा भरली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असायची. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभारलेल्या या संस्थेला केवळ हुशार मुले नको होती; ग्रामसेवेची तयारी असलेली हवी होती. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नीट' सर्वांना बंधनकारक असल्याचे शिक्कामोर्तब केले, तेव्हा अशा वेगळ्या वाटा बंद झाल्या. नफेखोर संस्थांना चाप बसावा हा त्यामागचा हेतू योग्य होता. पण त्यात प्रामाणिकपणे काही वेगळे करणाऱ्या मोजक्या संस्थाही भरडल्या गेल्या.

न्यायालयाने मुलाखत म्हणजे मनमानी, असेही कधी म्हटलेले नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रकरणात, १९८० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुलाखतीला एकतृतीयांश गुण देणे घटनाबाह्य ठरवले, १५ टक्क्यांपेक्षा अधिक वाटा नको असे सांगितले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचवले. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ही चौकट आजही उपयोगी आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. साठ जागांचे एक सरकारी नर्सिंग महाविद्यालय घेऊ. परीक्षेतल्या गुणांवर तिप्पट, म्हणजे १८० उमेदवार बोलावले. दहा खोल्यांच्या दोन रांगा लावल्या, तर शंभर मिनिटांत वीस जण होतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या, तर ऐंशी. म्हणजे वीस परीक्षक अडीच दिवस बसले की काम झाले. ज्या शिक्षणावर सरकार चार वर्षे खर्च करणार आहे, त्यासाठी अडीच दिवस जास्त नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे. संवाद, नीतिमत्ता या गोष्टी शिकवता येतात. मग निवडताना त्यांचा आग्रह कशाला? २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा समावेश झाला आहे, हे खरे. पण शिकवण्याला मर्यादा असतात. अमेरिकेत शिस्तभंगाची कारवाई झालेल्या डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्यात बेजबाबदार वर्तनाच्या नोंदींची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट आढळली. २००५ च्या या अभ्यासाचा धडा असा, की लक्षणे लवकर दिसतात. ती पाहायची तयारी हवी. शिवाय कुणाला शिकवायचे, हेही आधी निवडावेच लागते.

मग करायचे काय? लेखी परीक्षा राहू द्यावी. ती गाळणी म्हणून उत्तम आहे. पहिले पाऊल नर्सिंगपासून टाकावे, कारण तिथे अभिरुचीचे वीस गुण आधीच आहेत आणि परीक्षा राज्याच्या हातात आहे. त्या वीस गुणांत पाठांतराच्या प्रश्नांऐवजी प्रसंगनिर्णय चाचणी आणावी. 'रात्रपाळीत वरिष्ठ सिस्टरच्या हातून औषधाचा डोस चुकल्याचे तुमच्या लक्षात आले. पुढील पाच कृती योग्यतेच्या क्रमाने लावा' अशा धर्तीचे प्रश्न, तेही मराठीतून. त्यात पैसा लागत नाही, नवा कायदा लागत नाही. दुसरे पाऊल, आदिवासी आणि दुर्गम जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत स्थानिक भाषेच्या ज्ञानाला आणि आशा कार्यकर्ती म्हणून केलेल्या कामाला गुण द्यावेत. तिसरे, दोन-तीन सरकारी महाविद्यालयांत १५ टक्क्यांच्या मर्यादेत बहुखोली मुलाखती सुरू कराव्यात : प्रत्येक मिनिटाचे चित्रीकरण, परीक्षकांना नाव-गाव-जात-गुण काहीही न सांगणे, परीक्षकांत बाहेरच्या परिचारिका आणि रुग्णांचे प्रतिनिधी, आणि गटनिहाय निकाल दरवर्षी जाहीर करणे. आरक्षणाला कुठेही धक्का न लावता. पाच वर्षांनी हे विद्यार्थी वॉर्डात कसे वागतात, याची इतरांशी तुलना करावी. फायदा दिसला नाही, किंवा एखाद्या समाजगटाचे नुकसान होताना दिसले, तर बंद करावे.

आणि ज्यांच्यात एका-दोन गुणांचाच फरक आहे त्यांचे काय? नेदरलँड्समध्ये १९७२ पासून जवळपास साडेचार दशके वैद्यकीय प्रवेशासाठी सोडत काढली जात असे; चांगल्या गुणांना अधिक संधी, पण शेवटी चिठ्ठी. २०१७ मध्ये ती बंद झाली आणि काही वर्षांतच, निवडपद्धतीत सुस्थितीतल्यांनाच लाभ होतो या कारणाने, विद्यापीठांना सोडतीचा पर्याय पुन्हा दिला गेला. आपल्याला ही कल्पना लगेच पचणार नाही. पण एका गोळ्याच्या फरकाला गुणवत्ता म्हणण्यापेक्षा, 'इथून पुढे आम्हाला फरक करता येत नाही' असे म्हणणारी चिठ्ठी जास्त प्रामाणिक आहे, एवढे तरी मान्य करावे लागेल.

२०२४ मध्ये 'नीट'च्या पेपरफुटीवरून देश ढवळून निघाला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, समिती नेमली गेली. परीक्षा सुरक्षित कशी करावी, यावर तेव्हा खूप बोलले गेले आणि ते आवश्यकच होते. पण उद्या एकही पेपर फुटला नाही, एकही गुण चुकला नाही, तरी ती परीक्षा ज्या गोष्टी विचारतच नाही, त्या अनुत्तरितच राहणार. त्यांचे उत्तर शेवटी रुग्णाला मिळते, तो खाटेवर असताना. तेव्हा निवड बदलायची वेळ गेलेली असते.